सवतीचं बाळंतपण

आधी माफी मागते. माझे ऱ्हस्व-दीर्घ कधीच सुधारले नाहीत, आणि अक्षर म्हणजे ओल्या मातीवरून कोंबडी चालून गेल्यासारखे. चौथी झाली आणि पाटी सुटली, ती सुटलीच. हे लिहिणे कुणाला दाखवायचे नाही. तरीही कुणाच्या हाती लागलेच, तर शब्द चुकला असेल तिथे अडू नये, पुढे जावे.

काल मंडईतून येताना रस्त्याच्या कडेला एक ट्रक उभा होता. त्याच्या खालून दोन पाय बाहेर आले होते आणि आतून शिव्या येत होत्या. मी तिथेच उभी राहून हसायला लागले. पायांच्या मालकाने डोके बाहेर काढून माझ्याकडे बघितले, तेव्हा ओशाळून घरी आले. त्या बिचाऱ्याला कसे सांगणार, की मला गौराक्का आठवली म्हणून?

लग्नानंतर आम्ही सोलापुरात बिऱ्हाड केले. यजमान मिलमध्ये टाइमकीपर होते. आमच्या गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत भांडणे चालत आणि सगळ्यांना सगळी समजत. मला मात्र माझी एक भाषासुद्धा चारचौघांत बोलता येत नसे. कुणी नाव विचारले तरी मी पदराच्या टोकाकडे बघत बसे. शेजारची गौराक्का पहिल्याच दिवशी दारात आली, माझी हनुवटी वर केली आणि यजमानांना म्हणाली, "हिचं नाव काय बी असू द्या, मी हिला मैना म्हननार. मैना बोलती म्हनत्यात. ही बी बोलंल कवातरी."

गौराक्का उंच, हाडापेराने मोठी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, त्यात कुंकवाचा मोठा टिळा. चालताना जमीन तिला वाट करून देते आहे असे वाटायचे. तिला प्रत्येक गोष्ट बोटाच्या पेराने ठोकून बघायची सवय होती. मडके, कलिंगड, रांजण, दार, ज्वारीचे पोते, काही असो. ठोकायचे, मान तिरकी करायची आणि ऐकायचे. एकदा तिने माझ्या पाठीवर दोन टोले दिले आणि म्हणाली, "आत रिकामं वाजतंय. सकाळपास्नं जेवली न्हाईस." खरेच जेवले नव्हते. तिने समोर बसवून भाकरी आणि शेंगाचटणी खायला घातली, आणि पुन्हा ठोकून बघितले.

दुसरी सवय हसण्याची. हसू आले की शेजारी जो असेल त्याचे मनगट ती घट्ट धरायची. त्या वर्षात माझ्या किती बांगड्या फुटल्या याचा हिशेब नाही. कासारीण दारात आली की तीच हाक मारून म्हणे, "हिला भर गं. कालच्या मी हसून फोडल्यात."

आणि तिसरे म्हणजे नावे ठेवणे. निंदा नव्हे, खरोखरीची नावे. चुलीचे नाव मामलेदार, कारण काम करायच्या आधी धूर फार. म्हशीचे नाव भावजयीवरून चन्नव्वा. आणि नवऱ्याच्या लॉरीचे नाव सवत.

तिचा नवरा बसप्पा, ज्याला सगळी गल्ली बसण्णा म्हणायची, फार मऊ माणूस. पूर्वी त्याची मालवाहतुकीची बैलगाडी होती. मग मोटारलॉऱ्या दिसू लागल्या आणि या शांत माणसाला एकच वेड लागले. पैसा दिला गौराक्काच्या थोरल्या भावाने. मैंदर्गीचे रेवणदादा, आडतीचे दुकान, मिशा पिळदार, मन मोठे आणि आवाज त्याहून मोठा. त्यांनी कागद केला नाही, व्याज लावले नाही. तेच वाईट झाले. दर खेपेला येऊन ओट्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ही लॉरी कुनामुळं उभी हाय, इचारा की हिला!" गौराक्का आतून चहाचा पेला आणून आदळायची आणि नंतर मला म्हणायची, "सावकाराचं व्याज म्हयन्याला येतंय गं मैने. भावाचा उपकार रोज येतोय."

लॉरी आली तशी बसण्णा तिला रोज पुसायचा, हार घालायचा, संध्याकाळी तिच्याजवळ उगाच उभा राहायचा. म्हणून ती सवत. "मला लग्नात बी एवढं बगितलं न्हवतं ह्यांनी," गौराक्का सांगायची. पण वैरागच्या बाजाराला लॉरी निघाली की हीच पुढे चढून बसायची. पदर डोक्यावरून घट्ट, एका हाताने बाजूचे दार धरून ठेवलेले, कारण ते दार लागत नसे. लॉरी चालवायचे उस्मानभाई. ते मोठ्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले होते, दाढी मेंदीने रंगवलेली, आणि गौराक्काला फार भिऊन असत.

एका पावसाळ्याच्या शेवटी वैरागहून येताना लॉरीच्या पोटात काहीतरी ओरडायला लागले. गिअरची पेटी. दांडा दुसऱ्या जागेवर टाकला की आतून मांजरे भांडल्यासारखा आवाज येई आणि दांडा उडी मारून सुटे. शेवटी फक्त पहिल्या, सगळ्यात सावकाश गिअरवर उस्मानभाईंनी लॉरी घरी आणली. इतकी सावकाश, की रस्त्याने चालणारी ओळखीची माणसे दाराला हात लावून गप्पा मारत सोबत आली.

गावातल्या मोटारच्या कारखान्यातला मिस्त्री आला, ऐकून गेला. भला माणूस होता. म्हणाला, "पेटी उतरवून मुंबईला पाठवावी लागेल. माल असला तर दिवाळी, नसला तर संक्रांत." खर्च सांगितला तेव्हा बसण्णा ओट्यावर बसला तो उठेचना. दसऱ्यानंतर शेंगांचा हंगाम. वर्षाची खरी कमाई तेव्हाची. तो हंगाम गेला तर रेवणदादांचे पैसे कशातून देणार?

बातमी मैंदर्गीला पोचायला वेळ लागला नाही. रेवणदादा आले आणि पायताण काढता काढताच त्यांनी निकाल दिला. "गौरे, मी गिऱ्हाईक बगून ठिवलंय. बंद पडलेली हाय तशी घेतो म्हनतंय, फकस्त कुनी उगडलेली नको. दसऱ्याला मी सोनं द्यायला येतो, तवा बैलं लावून वडून न्यायची. माझं पैसं त्यात फिटलं म्हनू आपन. आन तुमी दोगं मैंदर्गीला या. बसप्पा दुकानात काटा धरंल, तू चन्नव्वाच्या हाताखाली असशील. बहिनीला काय मी उपाशी ठिवनार हाय व्हय?"

हे सगळे प्रेमाने बोलले. प्रेमाने बोलले म्हणूनच गौराक्का गप्प बसली. मी तिला गप्प बसलेले तेव्हा प्रथम पाहिले.

भाऊ गेल्यावर ती मला हाताला धरून ओढत नेऊन उस्मानभाईंसमोर उभी राहिली. "तुमी लडाईत मोटारी उगडताना बगितल्यात का न्हाई?"

"देखा हूँ ना अक्का. गिअर की पेटी पूरी खोलते देखा हूँ."

"मग बसवताना?"

उस्मानभाईंनी दाढी खाजवली. "बंद करते वखत मेरेकू बुखार आया था."

गौराक्काने माझे मनगट धरले. दोन बांगड्या गेल्या.

पण ती हसून निर्णय घेणारी बाई नव्हती. दोन दिवस ती सगळ्यांना एकच विचारत फिरली, उघडून बसवता नाही आले तर काय होईल? बसण्णा म्हणाला, "लॉरी बंद पडंल." ती म्हणाली, "आता काय पळतीया?" ते तिला पटल्यासारखे वाटले. मग संध्याकाळी आमचे हे मिलमधून आले तेव्हा तिने कुंपणावरून त्यांनाही गाठले. "टायमाचं भावजी, तुमी सांगा."

ह्यांनी विचार करून सांगितले, "वहिनी, आज ती बंद असली तरी अख्खी आहे. अख्ख्या लॉरीला गिऱ्हाईक आहे, कर्ज फिटते. उघडलीत आणि जमले नाही, तर ते भंगार. लॉरीही नाही आणि कर्जही डोक्यावर."

गौराक्काने कुंपणाची काठी पेराने ठोकून बघितली. मग म्हणाली, "हे खरं हाय. आता समजलं कशाला भ्यायचं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लॉरीखाली पसरलेल्या पोत्यावर आडवी झाली आणि पेराने ती पेटी ठोकून ऐकू लागली. गल्ली जमली. मी आमच्या दाराच्या फटीतून बघत होते. बाहेर यायची छाती नव्हती. खालून तिचा आवाज आला, "उस्मानभाई, उगडायच्या आदी नुसतं झाकन काडून बगता येतंय का? भात झाला का न्हाई बगाय अख्खी चूल मोडत न्हाईत."

उस्मानभाई म्हणाले, येते. आधी खालचा बूच काढून तेल परातीत घेतले. काळे तेल, त्यात चकाकणारे लोखंडाचे कण आणि दोन मोठे तुकडे. मग लॉरीच्या पुढच्या फळ्या उचलल्या, दांड्यासकट पेटीचे झाकण वर घेतले, आणि गौराक्काने आत वाकून बघितले. बराच वेळ बघितले. एकेक चाक कापडाने पुसायला लावून, दात बोटाने चाचपून. एकाच चाकाचे दात पडले होते. बाकीची सगळी धड.

ती वर आली तेव्हा नाकाच्या शेंड्याला तेल लागले होते. नवऱ्याला म्हणाली, "एका सुनंचं दात पडल्यात. त्यासाटी अख्खं घर मुंबईला कशाला धाडायचं? तसलंच चाक मिळालं तर आपन बसवू. न्हाई मिळालं तर झाकन लावून दादाच्या गिऱ्हाइकाला देऊ. आजून काय मोडलेलं न्हाई आपन."

"मिळालं आन बसवता न्हाई आलं तर?" बसण्णाने विचारले.

"तर मी काटा धरीन दादाच्या दुकानात. तुमी चन्नव्वाच्या हाताखाली ऱ्हावा."

बसण्णासुद्धा हसला. आणि मला वाटते तिथेच ठरले.

तशा बनावटीची एक मोडकी लॉरी वैरागला सरकी काढायच्या कारखान्यामागे पडली होती. ती ज्या म्हातारीच्या वाट्याला आली होती तिने तिचे खुराडे केले होते. गौराक्का आणि उस्मानभाई बैलगाडीने वैरागला गेले. म्हातारीने साफ सांगितले, लोखंड न्या, पण गिअरच्या पेटीवर कोंबडी अंड्यांवर बसली आहे. पिल्ले निघेपर्यंत हात लावू देणार नाही. उस्मानभाई सांगायचे, की गौराक्काने वादच घातला नाही. म्हातारीजवळ बसून तिच्या सुनेच्या कागाळ्या ऐकल्या, तिच्याबरोबर शेंगा फोडल्या, मग स्वतःचे धडपे पाटीत अंथरून अंडी एकेक उचलून ठेवली आणि शेवटी कोंबडीला दोन्ही हातांनी धरून वर बसवले. कोंबडी शाकाहारी बाईच्या हातात गप्प बसली. "बाळंतीन माहेराला निघाली," गौराक्का म्हातारीला म्हणाली. म्हातारीने चाकाचे पैसे घेतले ते अगदी नावाला.

चाक आले आणि गौराक्काने पदर खोचला. "चला. सवतीचं बाळंतपन मलाच करावं लागनार."

पेटी दोरांनी बांधून, गल्लीतल्या गड्यांनी ओढून, कोंड्याच्या पोत्यांवर अलगद उतरवली. तिचे नियम तीन-चारच होते. उजेड आहे तोवरच काम. राग आला की हात बाजूला. जोर लावल्याशिवाय जे निघत नाही, तिथे थांबायचे आणि पुन्हा बघायचे. आणि मी नाव ठेवल्याशिवाय काही काढायचे नाही.

हे नाव ठेवणे म्हणजे काय ते आम्हांला तेव्हा कळले. त्या तुकड्यांची इंग्रजी नावे उस्मानभाईंनाही धड येत नव्हती. गौराक्का प्रत्येक तुकडा जागेवर असताना बघायची, हाताने फिरवायची, तो कुणाला लागून आहे, कुणामुळे फिरतो ते समजून घ्यायची आणि मग त्याचे नाते लावायची. इंजिनाकडून हुकूम घेऊन येतो तो पुढचा दांडा सासरा. खाली तेलात बसून सदा फिरत राहणारा दांडा सासू. "कुनी बसलं, कुनी उठलं, हिचं फिरनं चालूच." ओट्यावर बसून माळ ओढणारी तिची सासू, अव्वा, कानडीत काहीतरी पुटपुटली. वरचा मधला दांडा म्हणजे लेक. त्याच्यावर मागेपुढे सरकणारी चाके सुना: थोरली, मधली, धाकटी. मधलीचे दात पडलेले. सुनांना ढकलून सासूशी गाठ घालून देणारे दोन आकडे म्हणजे नणंदा. मध्ये शिरून सगळे उलटे फिरवते ते लहान चाक विहीणबाई. आणि थोरलीच्या पाठीशी चिकटून बसलेली पितळेची पातळ कडी, नवरीला सोडत नाही म्हणून करवली.

गल्ली पोट धरून हसत होती. पण संध्याकाळपर्यंत सगळी पेटी रिकामी झाली आणि गौराक्काच्या ओट्यावर एका जुन्या चादरीवर अख्खे कुटुंब ओळीने मांडले गेले, ज्या क्रमाने बाहेर आले त्याच क्रमाने. बसण्णा रात्री तिथेच शेजारी निजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौराक्का, बसण्णा आणि उस्मानभाई तेल आणि ग्रीस आणायला बाजारात गेले. जाताना अव्वाला सांगितले, "ह्याच्याकडं ध्यान ठेवा." अव्वाने ठेवले. ती खंडेनवमी होती.

तिघे परत आले तेव्हा मी आमच्या दारात उभी होते आणि नुसते ओट्याकडे बोट दाखवत होते. ओट्यावर चादर रिकामी होती. आत देवघरापुढे रांगोळी काढलेली, मध्ये कलश, आणि त्याभोवती गिअरच्या पेटीतले यच्चयावत तुकडे. राखेने आणि चिंचेने घासून लख्ख केलेले. मोठे मागे, लहान पुढे, अगदी आकाराप्रमाणे लावलेले. प्रत्येकाला विभूतीचे तीन पट्टे, प्रत्येकावर झेंडूचे फूल. घरातली हत्यारे नवमीला पुजायची, आणि एवढी हत्यारे अव्वाच्या आयुष्यात कधी घरात आली नव्हती. ती नव्वारीचा पदर सावरून समाधानाने बसली होती.

बसण्णा उंबऱ्यातच खाली बसला. उस्मानभाई म्हणाले, "या अल्ला, सब मिल गये."

बसण्णा पुढे सरकून एक चाक उचलायला गेला, तर अव्वा ओरडली, "बेड, बेड!" म्हणजे नको. पुजलेले हत्यार त्या दिवशी हलवायचे नसते. उद्या दसऱ्याला सकाळी पूजा उतरली की मग. आणि उद्याच रेवणदादा बैल घेऊन येणार.

मी गौराक्काकडे बघत होते. मला वाटले आता ही सासूला काहीतरी बोलेल. तिने पूजा बघितली. दातपडक्या मधल्या सुनेच्या डोक्यावरचे सगळ्यांत मोठे फूल बघितले. आणि ती जी हसायला लागली, ती भिंतीला टेकत टेकत खाली बसली. मनगट धरायला कुणी मिळेना म्हणून तिने अव्वाचेच धरले. मग अव्वाही हसली, का ते न कळता.

"आसू द्या," डोळे पुसत ती म्हणाली. "लग्नाला पै-पाव्हनं जमल्यावर गर्दी हुतीच. म्हनून काय सासू कोन आन सून कोन इसरतं व्हय?"

दसऱ्याला उजाडता उजाडता पूजा उतरली. ओट्यावर स्वच्छ चादर पसरली, तिच्यावर रिकामी पेटी ठेवली आणि गौराक्का मधोमध बसून लग्नघरात पंगत बसवावी तशी हाका मारू लागली. "सासूबाई कुटं हायत? आना. हितं खाली. लेकाला वर बसवा. धाकटी पयली, ती दाराकडं तोंड करून बसलेली हुती. मधली नवी, वैरागची, तिला हितं." एखादा तुकडा उस्मानभाई उलटा धरत, तर म्हणे, "आवो, नवऱ्याकडं पाठ करून बसली हुती का ती? फिरवा." कोण कुणाशेजारी होते हे एव्हाना आम्हां सगळ्या बायकांना पाठ झाले होते. कारण नाती बायकांना शिकवावी लागत नाहीत. कुंपणापलीकडून कुणीतरी ओरडे, "विहीण ऱ्हायली, विहीण!" आणि विहीणबाई जागेवर जाई.

सगळे बसले असे वाटले. उस्मानभाईंनी लेक हलवून बघितला, तर थोरली सून पुढे-मागे डुगडुगत होती. गौराक्काने पेराने ठोकून ऐकले. मान तिरकी केली. "हिच्या पाठीशी कोन हुतं?"

सगळे चादर चाचपू लागले. आणि मग एक आवाज आला, "करवली." तो माझा होता. मी दार उघडून ओट्यापर्यंत कधी आले होते ते मलाच कळले नव्हते. सगळ्यांनी वळून बघितले.

"बोलली गं मैना!" गौराक्का ओरडली. "करवली कुटं हाय?"

सगळे घर शोधले. अव्वा मात्र माळ ओढत एकीकडे बघत होती. गौराक्का देवघरात गेली. तिथे पितळेच्या लहान नंदीच्या मागे, प्रभावळ म्हणून, करवली उभी होती. घासून अशी झळकत होती की कुणालाही ती देवाचीच वाटावी.

"नंदीला बरी दिसती की," अव्वा म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

"अव्वा, तुमच्या नंदीला मी चांदीची करते. हिला सोडा, थोरली रुसून बसलीया."

दुपार कलताना पेटी वर चढली, झाकण लागले, तेल ओतले. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी घुंगरांचा आवाज आला. रेवणदादा, नवा पटका, हातात आपट्याची पाने, आणि मागे बैलांच्या दोन जोड्या, शिंगे रंगवलेल्या, ओढायचा जाड दोर, सोल, घेऊन. लॉरीखालचे सांडलेले तेल आणि गौराक्काचे काळे हात बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "उगडलीस? गौरे, गिऱ्हाईक गेलं की आता!"

"जाऊ द्या त्याला," ती म्हणाली. "उस्मानभाई, मारा हँडल."

हँडल फिरले. इंजिन धडधडले. उस्मानभाईंनी बिस्मिल्ला म्हणून दांडा ओढला आणि लॉरी हलली. पहिला. मग दुसरा, जो ओरडायचा तो. मांजरे भांडली नाहीत. दांडा जागेवर राहिला. लॉरी बैलांच्या शेजारून अशी गेली, की एक जोडी बुजून आमच्या कुंपणात शिरली. गल्लीने जो काय ओरडा केला तो मिलपर्यंत गेला असेल.

गौराक्का चालत्या लॉरीत चढली आणि वरून हात खाली केला. "या दादा, बसा. सोनं वाटाया लॉरीतनं जाऊ."

रेवणदादा एक क्षण उभे राहिले. मग पटका सावरून चढले, दार धरून बसले, आणि सगळ्या सोलापुरात ज्याला त्याला आपट्याचे पान देताना सांगत सुटले, "माझ्या बहिनीनं बसवली पेटी! सोताच्या हातानं!" बैल त्यांच्या मागून रिकामे चालत होते.

तो हंगाम लॉरी थांबली नाही. शेंगा, कापसाच्या गाठी, सुताची गाठोडी. पुढच्या श्रावणात पंचमीला गौराक्का माहेरी निघाली आणि मलाही लॉरीत घालून मैंदर्गीला घेऊन गेली. महिनाभरात आमची बदली मुंबईला व्हायची होती. त्यानंतर माझी आणि तिची भेट झाली नाही. म्हणून ती मला होती तशी, तिथलीच दिसते.

गावाबाहेर चिंचेला पंचमीचे झोके बांधले होते. लेकीसुना रांग लावून उभ्या होत्या. गौराक्काने कमरेची पिशवी सोडून झाडाखाली बसलेल्या भावाच्या मांडीवर टाकली आणि पदर खोचून झोक्यावर उभी राहिली. एवढी मोठी बाई, पण गुडघ्यात वाकून असा हेलकावा घेतला, की दोनचार खेपांत पाय फांद्यांना लागले. लुगड्याचा घोळ फडफडत होता, खालच्या बायका गाणी म्हणत होत्या आणि रेवणदादा मांडीवरच्या नोटा आणि रुपये मोजत होते. ती खाली येताना दरवेळी ओरडायची, "झालं का दादा?" आणि त्यांची मोजणी चुकायची.

"थांब की गं! पुन्ना चुकलं!"

"मोजा, मोजा! सावकाश!" आणि ती परत वर.

शेवटी त्यांनी पिशवीचे तोंड बांधले, डोळ्यावर हात धरून वर बघितले, आणि त्या मोठ्या आवाजात सगळ्या माळाला ऐकू जाईल असे ओरडले, "फिटलं गं गौरे! सगळं फिटलं!"